पालिकेतून लोकसभेत : सुमित्राताई महाजन आणि त्या वाटेने गेलेली आपली माणसे

आजवरच्या लोकसभा अध्यक्षांच्या यादीत चार मराठी नावे आहेत : गणेश वासुदेव मावळणकर, शिवराज पाटील, मनोहर जोशी आणि सुमित्रा महाजन. या चौघांत एक गोष्ट समान आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. चौघांनीही सार्वजनिक कामाचे धडे नगरपालिकेत किंवा महापालिकेत गिरवले. मावळणकर अहमदाबादचे नगराध्यक्ष होते, पाटील लातूरचे आणि जोशी मुंबईचे महापौर. सुमित्राताई आपल्या इंदूरच्या उपमहापौर होत्या. यांपैकी दोघे, मावळणकर आणि सुमित्राताई, महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी समाजातले. म्हणून त्यांची नोंद आपल्या संकेतस्थळावर असायला हवी असे आम्हांला वाटले.

दुसरेही एक कारण आहे. निवडणूक जवळ आली की आपल्या मंडळात एक प्रश्न हमखास निघतो : ‘आपल्या समाजाला तिकीट का मिळत नाही?’ आमचे म्हणणे असे की, ज्यांना ते मिळाले त्यांना ते कसे मिळाले हे आधी पाहावे. हा लेख कोणत्याही पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात नाही. मंडळ राजकारणात पडत नाही आणि पुढेही पडणार नाही.

चिपळूण ते इंदूर

सुमित्राताईंचा जन्म १२ एप्रिल १९४३ रोजी चिपळूणचा. माहेरचे आडनाव साठे. १९६५ मध्ये वकील जयंत महाजन यांच्याशी लग्न होऊन त्या इंदूरला आल्या. एम.ए. आणि एल.एल.बी. या पदव्या त्यांनी इंदुरातच घेतल्या. राजकारणात येण्याआधी प्रवचनकार म्हणून त्यांचा घरोघरी परिचय झाला होता. अहिल्योत्सवाच्या कामाशी तर त्यांचे नाव इतके जोडलेले आहे की देवी अहिल्याबाईंवरचे त्यांचे ‘मातोश्री’ हे पुस्तक आले तेव्हा इंदूरकरांना नवल वाटले नाही. मार्च २०१७ मध्ये संसद भवनात पंतप्रधानांच्या हस्ते ते प्रकाशित झाले.

१९८२ मध्ये त्या नगर निगमात आल्या आणि १९८४-८५ मध्ये उपमहापौर झाल्या. त्या वेळी महिलांसाठी जागा राखीव नव्हत्या, हे आजच्या वाचकाने लक्षात घ्यावे. स्थानिक संस्थांत एक तृतीयांश आरक्षण आले ते १९९३च्या ७४व्या घटनादुरुस्तीने आणि मध्य प्रदेशात ते निम्म्यापर्यंत गेले आणखी पुढे. म्हणजे ताई निगमात आल्या त्या खुल्या दारातून.

निगमातले काम कसे असते हे ज्याने पार्षदाच्या घराबाहेरची सकाळ पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. नळाला पाणी नाही, नाली तुंबली, खांबावरचा दिवा महिनाभर बंद, शेजाऱ्याने ओटा पुढे काढला. नर्मदेचे पाणी जलूदहून इंदूरला १९७८ मध्ये आले, पण शहरात आलेले पाणी प्रत्येक मोहल्ल्यात पोहोचवण्याची ओढाताण नंतर कित्येक वर्षे चालू होती. अशा कामात भाषण उपयोगी पडत नाही. जलप्रदाय विभागातला कोणता माणूस फोन उचलतो हे माहीत असावे लागते. आणि तक्रार घेऊन आलेला माणूस मराठी आहे, सिंधी आहे, मालवी आहे की बोहरा, हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तुंबलेली नाली एकच असते.

१९८५ मध्ये त्यांनी विधानसभेची निवडणूक लढवली आणि काँग्रेसचे महेश जोशी यांच्याकडून त्या हरल्या. पार्षद, मग आमदार, मग खासदार ही सरधोपट वाट त्यांच्या बाबतीत मधल्या पायरीवरच तुटली. चार वर्षांनी पक्षाने त्यांना थेट लोकसभेची उमेदवारी दिली.

१९८९

समोर प्रकाशचंद्र सेठी होते. मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री, इंदूरमधून याआधी अनेकदा निवडून आलेले. एका बाजूला दिल्लीत वजन असलेला नेता आणि दुसऱ्या बाजूला विधानसभेत हरलेल्या माजी उपमहापौर, अशी ती लढत होती. ताई लाखाहून अधिक मतांनी जिंकल्या.

सगळे श्रेय एका व्यक्तीला देणे हिशेबाला धरून होणार नाही. त्या वर्षी देशभर वारे फिरले होते. भाजपच्या लोकसभेतल्या जागा २ वरून ८५ वर गेल्या आणि त्या वेळच्या अखंड मध्य प्रदेशातल्या ४० पैकी २७ जागा त्या पक्षाला मिळाल्या. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणल्यानंतरची ती पहिलीच लोकसभा निवडणूक होती. कागदी मतपत्रिका, बांबूच्या काठीसारखी जाडजूड गठ्ठ्यांची मोजणी आणि रात्र रात्र जागणारे मतमोजणी केंद्र हे ज्यांनी निवडणूक ड्यूटीवर अनुभवले त्यांना ते दिवस आठवत असतील. पण वारे सगळ्यांसाठी सारखे असते. १९८९ मध्ये पहिल्यांदा निवडून आलेले कितीतरी जण १९९१ पर्यंत टिकले नाहीत. ताई १९८९, १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा सलग आठ वेळा एकाच मतदारसंघातून निवडून आल्या. इतके सातत्य नुसत्या वाऱ्याने येत नाही.

आकड्यांकडे पाहणे ही आमची जुनी सवय, म्हणून दोन आकडे ठेवतो. २०१४ मध्ये त्यांचे मताधिक्य ४,६६,९०१ होते. २००९ मध्ये ते अवघे ११,४८० होते. इंदूर लोकसभा क्षेत्रात देपालपूर, सांवेर, राऊ आणि इंदूर शहराचे पाच असे आठ विधानसभा मतदारसंघ येतात. ११,४८० ला आठाने भागले तर एका विधानसभेमागे १,४३५ मते निघतात. दोन-चार वसाहती घरी बसल्या असत्या तर निकाल उलटा लागला असता. या आठांपैकी एकाही क्षेत्रात मराठी मतदार बहुसंख्य नाहीत. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर इथली सगळी मराठी मते एका पेटीत टाकली तरी २०१४चे मताधिक्य भरून निघणार नाही. उलट २००९ सारख्या वर्षी ती मते निर्णायक ठरू शकतात. आपल्या समाजाच्या मताचे मोल एवढे आहे. याहून कमी नाही आणि जास्तही नाही. ताईंना इंदूरने निवडून दिले ते ‘मराठी उमेदवार’ म्हणून नव्हे. ‘ताई’ हा शब्द इथल्या हिंदी बोलणाऱ्या घरांतही त्यांच्यापुरता विशेषनाम होऊन बसला, त्यातच याचे उत्तर आहे.

नळाचा प्रश्न आणि रेल्वेचा प्रश्न

पार्षद खासदार झाला की लोक बदलत नाहीत, कागद बदलतात. नळाची तक्रार घेऊन माणसे खासदाराकडेही येतच राहतात, पण नळ हा निगमाचा विषय आणि खासदाराचे क्षेत्र म्हणजे रेल्वे, विमानतळ, टपाल, पेट्रोलियम, केंद्राच्या योजना. ताईंच्या कारकिर्दीतला मोठा भाग रेल्वेच्या पाठपुराव्यात गेला. इंदूर-दाहोद मार्गाची पायाभरणी फेब्रुवारी २००८ मध्ये झाली आणि त्यानंतर ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. मनमाडकडे जाणाऱ्या थेट मार्गाची मागणी तर आपल्या मंडळींची फार जुनी. नाशिक-पुण्याकडे नातेवाईक असलेल्या प्रत्येक इंदुरी मराठी घराचा तो विषय आहे. त्या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२४ मध्ये, सुमारे १८ हजार कोटींच्या अंदाजासह. म्हणजे ताई पदावरून उतरल्यानंतर पाच वर्षांनी. वॉर्डातला दिवा आठवड्यात लागतो, रेल्वेला दोन पिढ्या लागतात. पालिकेतून दिल्लीला गेलेल्या माणसाला सर्वांत जड जाते ते हे वेळेचे गणित.

खासदार निधीबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून थोडे सांगतो. ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. वर्षाला १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून ५ कोटी रुपये असा तो निधी वाढत गेला. हा पैसा खासदाराच्या हातात किंवा खात्यात येत नाही. खासदार कामाची शिफारस करतो. मंजुरी, अंदाजपत्रक आणि देयके जिल्हा प्रशासनाकडे असतात. ‘ताईंनी सभागृहाला पैसे दिले’ असे आपण बोलतो तेव्हा प्रत्यक्षात त्यांनी शिफारसपत्र दिलेले असते.

१९९९ ते २००४ या काळात त्या केंद्रात राज्यमंत्री होत्या. मनुष्यबळ विकास, दूरसंचार आणि पेट्रोलियम ही खाती त्यांनी सांभाळली. ६ जून २०१४ रोजी त्या लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. मीरा कुमार यांच्यानंतर त्या पदावर आलेल्या त्या दुसऱ्या महिला.

इथे मावळणकरांशी एक वेगळाच धागा जुळतो. २०१४ मध्ये काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या आणि विरोधी पक्षनेतेपदाचा वाद उभा राहिला. सभागृहाच्या एकदशांश सदस्य असल्याशिवाय पक्षाला तशी मान्यता नाही, हा संकेत मावळणकरांच्या काळापासूनचा. ताईंनी त्याचाच आधार घेऊन ते पद नाकारले. १९७७च्या कायद्यात एकदशांशाची अट नाही, असे टीकाकारांचे म्हणणे होते आणि ते कायद्याच्या शब्दांपुरते खरे आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या २५ खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केले, त्यावरही मोठी टीका झाली. आपल्या माणसाचे कौतुक करताना या नोंदी वगळणे बरे नव्हे.

एप्रिल २०१९ मध्ये उमेदवारी जाहीर होण्यास उशीर होत असल्याचे पाहून त्यांनी स्वतःच पत्र काढून निवडणूक लढवणार नसल्याचे सांगितले. २०२१ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. त्यांच्या जागी आलेले शंकर लालवानी हेही नगर निगमातून पुढे आलेले, म्हणजे वाट तीच राहिली. लालवानींच्या २०२४च्या निवडणुकीत काँग्रेसच्या उमेदवाराने अर्जच मागे घेतला, मताधिक्य ११,७५,०९२ झाले आणि ‘नोटा’ला २,१८,६७४ मते पडली. २००९चे ११,४८० आठवणाऱ्याला हा आकडा पचायला जड जातो. चुरस नसलेल्या निवडणुकीत आपले मत मोजले गेले काय आणि न गेले काय, असे अनेकांना वाटले.

इतर ठिकाणी

मावळणकर बडोद्यात १८८८ मध्ये जन्मले. घराण्याचे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातले मावळंगे. चिपळूणपासून ते फार लांब नाही, हा योगायोग आम्हांला गमतीचा वाटतो. वकिली अहमदाबादेत केली, १९१९ पासून तिथल्या नगरपालिकेत काम केले आणि १९३० च्या दशकात दोनदा नगराध्यक्षपद भूषवले. १९५२ मध्ये ते अहमदाबादमधूनच पहिल्या लोकसभेत गेले आणि १९५६ मध्ये पदावर असतानाच वारले. गुजराती शहराने एका मराठी आडनावाच्या माणसाला आपला मानला तो असा.

ग्वाल्हेरमध्ये शेजवलकर घराण्याच्या दोन पिढ्या महापौरपदावरून लोकसभेत गेल्या. नारायण कृष्ण शेजवलकर १९७७ आणि १९८० मध्ये निवडून आले. १९८४ मध्ये तिथून अटलबिहारी वाजपेयी उभे राहिले आणि माधवराव शिंदे यांच्याकडून हरले, हे सर्वांना ठाऊक आहे. नारायणरावांचे चिरंजीव विवेक शेजवलकर महापौरपदावर असतानाच २०१९ मध्ये खासदार झाले. गोव्यात श्रीपाद नाईक दुर्भाट पंचायतीचे सरपंच होते. मडकईचे आमदार झाले आणि १९९९ पासून ते लोकसभेत आहेत.

बेळगावची गोष्ट निराळी आणि ती इंदूरच्या मापाने मोजू नये. २०२१च्या पोटनिवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या तरुण उमेदवाराला १ लाख १७ हजारांवर मते मिळाली, तरी अनामत वाचली नाही, कारण ती एकूण मतांच्या एकषष्ठांशाहून कमी होती. त्याच निवडणुकीत विजयी उमेदवाराचे मताधिक्य होते ५,२४०. तिथे ते मत सीमाप्रश्नावरचे म्हणणे मांडण्यासाठी पडते. जिंकणे हा त्याचा एकमेव हेतू नसतो. आम्ही इथे बसून त्यांना शहाणपण शिकवणार नाही.

अर्ज भरणाऱ्यासाठी

उमेदवाराचे वय किमान २५ असावे आणि नाव देशातल्या कुठल्याही लोकसभा क्षेत्राच्या मतदार यादीत असावे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला त्या मतदारसंघातला एक प्रस्तावक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. अनामत रक्कम १९९६ पर्यंत फक्त ५०० रुपये होती, मग १०,००० झाली आणि २०१० पासून २५,००० आहे; अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी. म्हणजे १९८९ चे उमेदवार ५०० रुपयांत उभे राहिले होते.

सरकारी नोकर आणि सरकारी बँकांतले आम्हां मंडळींसारखे अधिकारी नोकरीत असताना उभे राहू शकत नाहीत. राजीनामा किंवा निवृत्ती हाच मार्ग. पार्षदाला किंवा महापौराला मात्र अर्ज भरण्याआधी पद सोडावे लागत नाही, हे ग्वाल्हेरच्या उदाहरणावरून दिसतेच.

ज्यावर सर्वांत जास्त गोंधळ होतो तो खर्चाचा हिशेब. अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि सगळा खर्च त्यातूनच करायचा असतो. एका व्यक्तीला किंवा संस्थेला १०,००० रुपयांहून अधिक रोख देता येत नाही. मध्य प्रदेशसारख्या राज्यात लोकसभेची खर्चमर्यादा २०२२ पासून ९५ लाख आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. चहावाल्याच्या पावतीपासून मंडपवाल्याच्या बिलापर्यंत सगळे जपून ठेवणारा एक चिकट माणूस प्रत्येक उमेदवाराला लागतो. आपल्या समाजात निवृत्त लेखापाल आणि बँकवाले भरपूर आहेत. हे काम मागून घ्यायला हरकत नाही.

इंदूर नगर निगमात ८५ वॉर्ड आहेत. मागची निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली, त्यामुळे पुढची २०२७ मध्ये अपेक्षित आहे. निगमाची मतदार यादी राज्य निवडणूक आयोग तयार करतो आणि ती लोकसभेच्या यादीहून वेगळी असते. लोकसभेला मतदान केले म्हणून निगमाच्या यादीतही नाव असेलच असे नाही. घर बदललेल्या सभासदांनी, विशेषतः जुन्या राजवाडा भागातून नव्या वसाहतींत गेलेल्यांनी, दोन्ही याद्यांत आपले आणि घरातल्या १८ वर्षांवरील मुलांचे नाव तपासून घ्यावे. मंडळाच्या कार्यालयात त्यासाठी लागणाऱ्या अर्जांबद्दल माहिती मिळेल.